पोपटाच्या डोळ्यातून

मंगळदास मार्केटात लखमशीशेठ विचारतात,
पडद्याला, का सोफ्याला?
मी म्हणते, कापायला.
ते हसतात. कापड कापायलाच असतं, ताई.

मी टेप धरते
या पोपटाच्या चोचीपासून
पुढच्या, पण त्याच, पोपटाच्या चोचीपर्यंत.
चोवीस इंच.
तेवढ्या अंतरानं सगळं परत येतं:
तीच अर्धी चिरलेली पपई, तीच जांभळी वेल,
पानावरचा तोच एक फराटा
जो कुणाच्या तरी हातून चुकून गेलाय
आणि आता ताग्याच्या टोकापर्यंत चुकतच राहणार.
सहा वेळा यायला हवं, म्हणते मी. चार मीटर द्या.
तीन वर्षं पडून आहे, ते म्हणतात,
आणि न विचारता भाव उतरवतात.

त्यांना कसं सांगू, की असंच लागतं.
बारीक, सालस फुलांच्या कापडातून
काहीच निघत नाही.

आई चार दिवस आली होती.
तिनं कापड बोटांत चोळलं. अगं, कोरं आहे!
तिच्या गोधडीत कोरं कधी गेलं नाही.
लुगडं बसून बसून विरलं,
धोतराच्या पलीकडचं दिसायला लागलं,
की मग त्याचा नंबर.
धडधाकट कापड फाडायचं
आणि परत तेच शिवत बसायचं,
ह्याला काय म्हणावं?
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

सहा तुकडे एकावर एक.
टाचणी पहिल्या पोपटाच्या डोळ्यात सोडायची,
दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या,
सहाव्याच्या डोळ्यातून टोक निघालं
तरच थर जुळले.
आमची विक्रोळीची बिल्डिंगही अशीच रचलेली.
माझ्या ओट्याखाली डिसिल्वांचा ओटा,
त्याखाली गोवेकरांचा,
मोरीखाली मोरी,
आणि सगळ्यांतून आरपार सांडपाण्याचा एक पाईप.
पहाटे कोण आधी उठलं
ते सहाही घरांना कळतं.

मग पट्टी, साठ अंश, गोल फिरणारं पातं.
सहा सारखे त्रिकोण हातात येतात.
टोकाला टोक लावते
आणि पोपट जातो.
कुठं जातो, मी नीट बघूनही कळत नाही.
त्याच्या गळ्याच्या लाल रेघेची चांदणी होते,
पपईच्या बिया तिच्याभोवती
काळ्या मण्यांसारख्या.
तेच सहा जरा फिरवले, दुसरं टोक मध्ये घेतलं,
तर समुद्राच्या तळाचं काहीतरी.
तिसरं टोक, तर देवळाच्या छतातलं कमळ.
एका संचाला तीनच तोंडं.
एक शिवलं की दोन गेली.
मला ह्याचाच त्रास होतो, कापण्याचा नाही.

जाताना आईनं उरलेली काठाची पट्टी उचलली,
तिच्यात एक पोपट शाबूत होता.
हा मी नेते, म्हणाली,
पिशवीला अस्तर लावीन.
आधी झिजू दे त्याला.

रात्री दिवाण भिंतीला उभा केला.
पंचावन्न षटकोन जमिनीवर मांडले,
उचलले, परत मांडले.
मे महिना, आणि पंखा बंद,
कारण एका वाऱ्यात सगळं उधळेल.
कपाळाला पंचा बांधला,
घामाचा थेंब कमळात पडू नये म्हणून.
जांभळं एका बाजूला गोळा होत होतं,
त्याला हिरव्याकडे कसं आणायचं
ह्यात दीड वाजला.

प्रणित कार्गोची पाळी संपवून आला.
झोपायला त्याला हीच जमीन.
उंबऱ्यातच थांबला, बूट काढून हातात घेतले.
बराच वेळ बघत होता.
मग बोटानं दाखवलं,
कोपऱ्यातून तिसरा, खालच्या ओळीतला:
आई, हा बघतोय.

सहा डोळे मध्ये येऊन
एकच डोळा झाला होता.
इतक्या वेळात मला दिसला नव्हता.

तो बूट धरून तसाच उभा,
शर्ट पाठीला चिकटलेला,
पंखा लावू का, असंही विचारत नाही.