साडेसोळा आटे

माझ्या चावीला कुलूप नाही.
चार फूट लोखंड, वर आडवी मूठ,
रस्त्यातल्या खड्ड्यात सोडायची
आणि फिरवायची. मोजत.
सोळा आट्यांना गल्लीच्या टोकाला धार लागते.
अठरा केले तर कारखान्याचा फोन येतो.

आज पाचवा दिवस, पहाटेचे साडेतीन.
अक्कलकोट रोडची कुत्री मला ओळखतात,
भुंकत नाहीत, नुसती सरकतात.
घराघरांत मोटारी गुरगुरल्या की समजायचं, पोचलं.
उजनीहून एवढ्या लांब आलेलं पाणी,
शेवटच्या चढाला बसकण मारतं.

शेवटचं घर नरसम्मा बोल्लीचं.
तेरा घागरी, दोन पिंपं, एक दुधाचा जुना कॅन
आणि, "काय बे, आज पण करंगळीएवढीच?"

नाला तिच्या भिंतीला लागून.
परदेशी कुठला टॉवेल चाललाय
ते आम्हाला नाल्यावरून कळायचं.
दिवाळीच्या आसपास लालभडक,
एकदा महिनाभर शेवाळी, कुठल्याशा हॉटेलची ऑर्डर.
पोरं उद्याच्या रंगावर गोट्या लावायची.
बोअरच्या पाण्याला फेस यायचा,
तोही ऑर्डरप्रमाणे.

मग नोटीस आली. डाईंगला सील.
मला कुणी सांगितलं नाही, चावीनं सांगितलं:
बाराव्या आट्यालाच टोकाला असा जोर
की नरसम्माची कळशी हातातून निसटली.
तिसऱ्या आठवड्यात नाला इतका नितळ
की तळाची चप्पल दिसली, एक बॉबिन दिसली.
चौथ्या आठवड्यात बेडूक.

मी कौतुक ऐकायला गेलो. खोटं कशाला बोलू.
ती उंबऱ्यात बसलेली.
शिलाई मशीनवर चादर टाकलेली.
टॉवेलच्या कडा मारायची ती, डझनावर.
"पाणी लई सोडलास," म्हणाली,
"आता त्यात शिजवू काय, तेही सांग."

बेडूक ओरडत होता तेवढ्यात.

सात महिन्यांनी सील निघालं.
येमूलांच्या धाकट्यानं, वेणुगोपालनं, कर्ज काढून
टाक्या बसवल्या एकावर एक;
रंगाचं पाणी धुवायचं आणि पुन्हा वापरायचं.
मला ग्लासात धरून दाखवलं. पिवळसर.
"पिऊन दाखवा," म्हटलं.
हसला. "मामा, हे सुताला पाजायचं."
आता तीनच्या दोन पाळ्या.
तिसरीतला इरण्णा रिक्षा चालवतो,
त्याचा भाऊ भिवंडीला गेला, फोन करत नाही.

नाला हल्ली फिकट गुलाबी असतो,
तापातून उठलेल्या माणसाच्या नखासारखा.
बेडूक कधी ऐकू येतो, कधी नाही.
बॅटरी मारून मी बघत नाही.

रजिस्टरमध्ये मी साडेसोळा लिहितो.
क्लार्क म्हणतो, अर्ध्याला रकाना नाही,
सोळा घाल नाहीतर सतरा.
त्याला काय सांगू, त्या अर्ध्या आट्यात
एक कॅन आहे, एक पाळी आहे,
माझ्या मनगटाची एक शीर आहे.

चावी उपसून लगेच निघत नाही मी.
तिच्या घरातून मशीनची टकटक सुरू होईपर्यंत
खड्ड्याच्या काठावर बिडी ओढत बसतो.

काल बसलो तर पायाशी चुन्याचा बाण.
कुणीतरी दिवसा येऊन काढून गेलेलं:
नवी लाइन, सहा इंची, इथून.