डावी बाजू

धनेश तांडेल,
दीड हंगाम मी तुला फक्त कानाने ओळखत होतो.
माझ्या डाव्या खांद्यामागे कुठेतरी
लोहाराच्या भात्यासारखा तुझा श्वास,
आणि तो चालू आहे तोवर
मी उजवीकडे बघायला मोकळा.

तू आलास भाऊच्या धक्क्यावरून,
बोटींवर बर्फाच्या लाद्या चढवणारा,
बूट नंबर तेरा.
कोचने विचारलं, आधी काय खेळलायस?
तू म्हणालास, खेळलो नाय. उचललंय.

करार इंग्रजीत होता. सही तू मराठीत केलीस.
दर सोमवारी वजनकाटा,
एकशे चाळीसच्या खाली गेलास की दंड.
सकाळी अठरा अंडी,
मग भात, मग झोपेतून उठवून पुन्हा भात.
ट्रॉम्ब्याला तुझी आई टोपात कालवण ढवळत म्हणायची,
मेल्या, यो खेल हाय का तेराव्याचं जेवान?

ऑफिसात लोक विचारतात, अमेरिकन फुटबॉल? मुंबईत?
मी नियम सांगतो.
चेंडू मी फेकायचा, चेंडू दुसऱ्याने झेलायचा.
धनेशने चेंडूला हात लावायचा नाही.
समोरून धावत येणाऱ्याला धरायचंही नाही.
फक्त त्याच्या आणि माझ्या मध्ये असायचं
तीन सेकंद. कधी साडेतीन.
धरलंस तर शिट्टी, पिवळं फडकं,
आणि भोंग्यावरून मैदानभर तुझं आडनाव.
अख्ख्या कारकिर्दीत ते पाच वेळा ऐकू आलं,
त्यात दोनदा 'तांदळे'.

आईने एकदा अख्खी मॅच टीव्हीवर पाहिली,
शेजारणींना बोलावून, कोळंबी तळून.
रात्री फोन केला,
तुला उतरवलंच नाय काय रं?
तू चौसष्ट वेळा उतरला होतास.
कॅमेरा चेंडूच्या मागे गेला होता, चौसष्ट वेळा.

आणि पुण्याविरुद्धची ती.
तिसरा क्वार्टर, माती ओली.
साडेतीन सेकंदांनी चेंडू सोडायला हवा होता.
मी पाच घेतले.
लांबवर एक मोकळा माणूस दिसत होता, मोह झाला.
फेकला, आणि धडकेने मागे पडलो
तो तुझ्या गुडघ्यावर.
आवाज मला ऐकू आला. सुकं लाकूड असतं ना, तसा.
दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो माझा.
कोपऱ्यात तुझा एक बूट.

दिवाळीच्या आधी लीग गुंडाळली.
शेवटचे दोन चेक वटले नाहीत.
मी आता बीकेसीत अपघात विमा विकतो.
हसू नकोस.

आज आलोय तर तू धक्क्यावर खुर्ची टाकून
लाद्या मोजतोयस, वहीत उभ्या रेघा ओढत.
चाळीस किलो गेलेत,
दंडांवरची कातडी थोरल्या भावाच्या शर्टासारखी लोंबतेय.
गुडघ्यावर फडक्यात बांधलेला बर्फ.
हिशोबात धरत नाय तेवढा, म्हणालास.

टॅक्सीत मी वाक्यं जुळवली होती.
पहिलंच तोंडाशी आलं
तेवढ्यात तू विचारलंस,
तो पास कसा गेला रे?
कुठला?
पुण्याचा. पोचला ते कळलं,
पण गेला कसा?
मी तुझा एकही पास बघितलेला नाय. पाठ असायची ना.

फोनवर व्हिडिओ होता. काढला नाही.
हातानेच दाखवला:
इथून सुटला, असा वर चढला,
फ्लडलाइटच्या वर क्षणभर दिसेनासा झाला,
मग त्याच्या छातीवर, अलगद, बघ, असा.
तू हाताकडे बघत राहिलास
माझा हात खाली आल्यानंतरही.

मग चहा पिऊ म्हणालास.
पलीकडे जायचं होतं.
डावीकडून कंटेनरचा ट्रेलर
हॉर्न न वाजवता आला,
आणि मला कळायच्या आत
तू माझ्या त्या अंगाला होतास.
गुडघे वाकवलेले, जमेल तेवढे.
मुठी उघड्या.