अँगलचे सात तुकडे

खानापूर रोडला, वजनकाट्याच्या मागं,
आमच्या शेडच्या भिंतीवर सात तुकडे टांगलेत.
एकाच अँगलचे, वीत-वीतभर,
बाइंडिंगच्या तारेनं, पावसाकडं तोंड करून.
गिऱ्हाईक विचारतं, तोरण काय हे?
मी म्हणते, वही आहे. तीन पावसाळ्यांची. वाचा.

पहिल्याला आम्ही काहीच लावलं नव्हतं.
त्याचं नाव नागवा.
चौथ्यावर काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही,
तार तेवढी शिल्लक आहे.
डांबराचा उन्हात ओघळला, थंडीत भेगाळला,
भेगेच्या आत काय चाललंय ते कळलं
तेव्हा बोट आरपार गेलं.

भाद्रपद संपताना रायबागकडचा रामगोंडा आला.
उसाच्या दोन ट्रॉल्या, सांगाडे तयार,
वेल्डिंगचे टाके अजून निळे.
म्हणाला, अक्का, बाळिके बरबेकु.
टिकायला पाहिजे, असं म्हणतोय तो,
खरं त्यांच्या भाषेत टिकणं हा शब्द
बाळु म्हणजे जगणं, त्यातून निघतो.
दिवसभर हिशेब लिहिताना ते डोक्यात राहिलं.

सगळ्यात महागातला मारा, म्हणाला.
मी त्याला पाचवा दाखवला.
दोन डबे मिसळून मारलेला इपॉक्सी,
जिलेबीच्या दुकानाच्या पाटीसारखा चकाकायचा.
आता ढलपे सुटलेत, आणि ढलप्याच्या पाठीला
लोखंडाची काळी पापडी तशीच चिकटलेली.
पापडी काढायला आम्हाला वेळ नव्हता.
रंगानं पापडीला घट्ट धरलं,
पापडीनं कुणालाच धरलं नव्हतं.

आणि तिसरा, साधा रेडॉक्साईड,
हार्डवेअरवाल्यानं उधारीवर दिलेला,
कडेला थोडा लाल झालाय, बाकी शाबूत.
तो तोपाण्णानं घासलेला.
अर्धा दिवस एका वीतभर तुकड्याला!
मामा तेव्हा ओरडले होते, पगार कशाचा देतोय मी?

तोपाण्णा हातोडीनं टाका वाजवून बघत होता.
मान वर न करता बोलला,
रंगाचं नंतर बघू गा. चार दिवस दे.
कारखाना पेटतोय, रामगोंडा म्हणाला.
घासाघीस झाली. दोन दिवस आणि एक रात्र.
घासून पांढरं करायचं, मग जस्ताचा हात,
वर इपॉक्सी, त्यावर उन्हासाठी निळा.
पाइपच्या पोटात ब्रश जात नाही,
तिथं खाली भोकं पाडायची.
भोकं? नव्या लोखंडाला?
पाणी शिरणारच की, तोपाण्णा म्हणाला,
शिरलेल्याला जायला दार नको?

फाळक्यावर नाव कुठल्या लिपीत घालायचं,
ते तो पेंटरला फोनवर सांगत होता.
ग्राइंडर चालू होता. मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारी,
सांगाडा भाकरीच्या पिठासारखा फिक्का पडलेला,
थिनरनं पुसून झालेला,
गन भरलेली.
रामगोंडा नागव्यापाशी उभा होता.
त्यानं गंजाचा एक पापुद्रा सोलला,
तळहातावर तंबाखूसारखा चोळला, वास घेतला,
आणि काही न बोलता, सवयीनं,
बैलाच्या पाठीवर टेकावा तसा
हात चॅसीवर टेकला.

चार बोटं आणि अंगठा. तांबूस.

सगळे थांबलो.
तोपाण्णानं त्याच्याकडं बघितलं नाही.
बादलीतला बोळा पिळला
आणि टोकापासून परत पुसायला सुरुवात केली.