जत शाखेचा स्विच

रात्रीचे अकरा. मार्केट यार्डातून
हळदीचा शेवटचा ट्रक गेला.
सांगलीच्या मुख्य कचेरीत मी, टेबलफॅन, काळा पडदा.
तिकडं पार जतला बिराप्पा रखवालदार
फोन कानाला लावून
स्विचसमोर उकिडवा बसलेला.

मगदूमसाहेब निवृत्त होताना पासवर्ड देऊन गेले,
एकोणीस शाखांना मिळून एकच :
आयर्विन, आणि पुढे महापुराचे फूट.
सांगलीत हा आकडा शेंबडं पोरही सांगेल.
त्यात तो टेलनेटवरून जायचा,
पोस्टकार्डासारखा उघडा,
वाटेत ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावा.

आज ते दार बुजवायचं.
चावी घडव म्हटलं. स्विच म्हातारा,
दोन हजार अठ्ठेचाळीस बिटांना धापा टाकत राहिला.
झाली एकदाची. तेवढं जपून ठेवलं.

मग शेवटची ओळ लिहिण्याआधी
भीतीपोटी त्याला बजावलं :
दहा मिनिटांत मी नको म्हटलं नाही
तर आपला आपण बंद होऊन ऊठ,
आणि आत्ता जे सांगणार आहे ते विसर.

फक्त ह्याच टेबलावरून येणाऱ्याला आत घे.
एंटर.

कर्सर जागीच.
चौदाऐवजी एक्केचाळीस लिहिलं होतं मी.
दार ओढून घेतलेलं, चपला आत.

"बिराप्पा, दिवे?"
"लुकलुकत्यात की हिरवंगार. त्येला काय धाड भरलीया?"
खरंच, त्याला काहीच झालं नव्हतं.
तो फक्त मला ओळखत नव्हता.

दहा मिनिटं म्हणजे
बिराप्पाच्या नातीचं जावळ, उमदीला दिलेली बहीण,
तिचं निम्मं कानडी बोलणं,
आणि मध्येच,
"म्याडम! इजलं समदं!"

असा आनंद मला
कुठल्या अंधाराचा कधी झाला नव्हता.

"एक पेटला... त्यो पिवळा... आता हिरवा."

दुसऱ्यांदा चौदा. बोटानं मोजून.
नव्या खिडकीतून हाक मारली, ओ आली.
मग आठवणीनं तो दहा मिनिटांचा गजर मोडला.

"म्हंजे कुलूप लागलं?"
"लागलं."
"आन् किल्ली?"
"माझ्याकडे."
तो जरा वेळ गप्प.
"मग तुमी आता आजारी पडू नगा."

हसले, फोन ठेवला.
आणि ड्रॉवरमध्ये
पाकीट शोधू लागले, लाखेचं मोहोर करून
तिजोरीत ठेवण्याजोगं.

अजून अठरा शाखा.
उद्या शिराळा.