कच्चा हिशोब

सोमवारी आउलिक्कीने सगळी पातेली घासली, पुसली,
आणि वरच्या फळीवर पालथी घातली,
जणू घरातलं कुणी लांबच्या गावी निघालंय.
विजेच्या चुलीवर पांढरा रुमाल पसरला,
रुमालावर जेरेनियमची कुंडी.
"आजपासून," ती म्हणाली.
एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी तिला कागद दाखवला होता:
आकड्यांची रांग, दोन आकड्यांखाली लाल रेघ.
कच्चंच खा असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.
भाज्या वाढवा, रोज चाला, एवढंच.
पण आउलिक्कीला अर्ध्यावर थांबणं जमत नाही.
एकतीस वर्षं तिने कायानीच्या शाळेत
चारशे पोरांचं वाटाण्याचं सूप ढवळलं;
उजवा खांदा अजून झोपेत गोल फिरतो.

मी काय, या खेळात कच्चं लिंबू.
नदीतून लाकडं वाहून नेणारा माणूस,
आयुष्यभर डुकराचं मटण आणि बटाटे,
आणि वरची कवळी ढिली.

पहिल्या रात्री सलगम. चकत्या, मीठ नाही.
दोघांच्या चावण्याचा आवाज खोलीभर,
तबेल्यात घोडे शेजारी शेजारी उभे असावेत तसा.
तिने हळूच किसणी आणली,
माझ्या वाटणीचं किसलं,
वर रानातली लाल पुओलुक्का चुरडली.
काही बोलली नाही. मीही नाही.
लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली की
पुष्कळसं असंच किसून मिळतं.

बुधवारी मी पेट्रोल पंपावर गेलो,
उभ्या उभ्या दोन सॉसेज खाल्ली, मोहरी लावून.
घरी आलो तर तिने माझ्या कोटाकडे पाहिलं
आणि खिडकी उघडली.
उणे अकरा होतं बाहेर.

गुरुवारी रात्री जाग आली, कूस रिकामी.
स्वयंपाकघरात अंधारात ती उभी,
कॉफीचा पुडा उघडून, नाक आत घालून,
डोळे मिटलेले.
मी पावलं न वाजवता परत फिरलो.
काही गोष्टी पाहिल्या की
त्या पाहिल्या नाहीत असं ठरवावं लागतं.

शनिवारी सौना.
त्याला आगच लागते, त्याला इलाज नाही.
बर्चच्या ढलप्या मी फोडल्या, ती पेटवत बसली,
फार वेळ, लागते त्याहून जास्त वेळ.
दगडांवर पाणी टाकलं तशी वाफ चढली
आणि ती एकदम हसायला लागली.
"रेइनो," म्हणाली, "या घरात आता
शिजतोय ते फक्त आपण!"
घामाने निथळत आम्ही हसलो,
लाल, मऊ, म्हातारे,
काटा टोचला असता तर आरपार गेला असता.

बाकावर बसून मग तिने सांगितलं
जे मला कधीच सांगितलं नव्हतं:
सात वर्षांची असताना, भुकेच्या एका शरदात,
शेजाऱ्यांच्या वावरातून तिने सलगम उपटलं होतं,
परकराला पुसून, मातीसकट खाल्लं होतं,
आणि त्या चवीसारखं पुढे काहीच लागलं नाही.
"तेच शोधतेय का मी?" तिने विचारलं.
मी तांब्याभर पाणी दगडांवर ओतलं.
उत्तर येत नसलं की मी तेच करतो.

सहा आठवड्यांनी नवा कागद आला.
एक आकडा उतरला, दुसरा तिथेच बसून.
"कच्चा हिशोब आहे," ती म्हणाली,
कागद दुमडून साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवला.
जिना मात्र ती आता न थांबता चढते.
मी मधल्या पायरीवर वाट पाहतो,
माझी स्वतःची.

चुलीवरचा रुमाल अजून तसाच आहे.
फक्त काल सकाळी
जेरेनियमची कुंडी तिने खिडकीत नेली.
झाडाला ऊन हवं, म्हणे.
डिसेंबरात.
इथे.
ऊन.