सातवा टेक

ह्या पिक्चरमधली सगळी घाण माझ्या हातची.
शेवटी नावं सरकतात त्यात, जनरेटरवाल्याच्या खाली,
सर्जेराव पोवारचं 'सुरजराव पवार' होऊन मी वर जातो,
तोवर लोक उठून खुर्चीखाली चपला शोधत असतात.

दलिया शिजवून गार करायचा. त्यात ताक,
गाजराचा कीस, चिमूटभर हळद,
बीट बेतानं, नाहीतर रक्त दिसतं आणि हसू मरतं.
हिरो पुण्याचा. तोंडाला गोड लागलं पाहिजे म्हणाला,
म्हणून शाहूपुरीतनं गूळ आणला, चांगला पिवळाधमक.
शेण मात्र खरं. गंगावेशीतनं,
दूध कट्ट्यावरच्या म्हशींचं, रोज पहाटे दोन बादल्या.
म्हसवाला विचारायचा, "एवढ्या शेणाचं करतासा तरी काय?"
"प्रेमभंग," म्हणायचो मी.

गोष्ट अशी हाय:
पोरीचं लग्न दुसऱ्याशी ठरतं. पोरगं पिऊन मांडवात घुसतं,
शेणावरनं घसरत थेट आचाऱ्याच्या परातीत,
उठतं, बोहल्यावर चढतं, "माझं तुझ्यावर" एवढंच म्हणतं
आणि नवरदेवाच्या कोऱ्या कापशी चपलेवर
सगळं बाहेर टाकतं.
चपलेचे सात जोड आणले होते, शालूही सात.
डाग दर वेळी त्याच जागी पडला पाहिजे.
त्याचं बघायचं कामही माझ्याकडंच.

पद्मजा चौगुलेचा शालू एकच होता.
तीन वर्षं झाली, जयसिंगपूरला. मी गेलो होतो, रीतसर,
पाकिटात पाचशे एक घालून.
तिच्या काकांनी आग्रह करकरून पाच जिलब्या वाढल्या. खाल्ल्या.
"येत जा घरी," ती म्हणाली.
नवऱ्यानं हात मिळवला. मऊ हात.
माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.
सव्वानवाच्या एसटीत खिडकी धरून बसलो.
हातकणंगलं गेलं, काही आलं नाही,
ना डोळ्यातनं, ना तोंडातनं.
जिलब्या पचल्या.
लाज वाटली ती त्याचीच.

सहा टेक वाया गेले.
हिरो कधी हसायचा, कधी नुसता थुंकायचा,
एकदा तर गिळलंनच सगळं. गूळ चांगला होता.
मोरेवाडीच्या माळावर ऊन कलंडायला लागलं,
शेवटचा शालू, शेवटचा जोड.
डायरेक्टर माझ्याकडं बघत म्हणाले,
"नुसतं तोंड दिसणार हाय. हनुवटी तशीच हाय की तुझी.
चल सर्जा, भर तोंड."

भरलं. गोड, कोमट.
समोर थर्माकोलचा बोहला,
अंतरपाट धरलेली दोन भाड्याची माणसं,
त्यातल्या एकाचा गुडघा दुखत होता.
"ॲक्शन," कुणीतरी म्हणालं
आणि दलिया संपला तरी थांबेना.
दुपारचा तांबडा आला, मागनं पांढरा,
सकाळचा चहा, मग नुसतं आंबट पाणी,
आणि त्याच्याही तळातनं, आईशप्पथ सांगतो,
काहीतरी पिवळं, वेटोळ्यासारखं.

"कट! काटा किर्र! ओके!"
टाळ्या पडल्या. कुणी काही विचारलं नाही.
मेकअपच्या हसीनाबीनं पाण्याची बाटली दिली,
लिंबाची फोड दिली, म्हणाली, "चोख. बोलू नकोस."

शुक्रवारी सहाच्या शोला गेलो, तिकीट काढून.
पडद्यावर चारच सेकंद टिकतं ते.
थेटर फुटलं. शिट्ट्या. शेजारचा अनोळखी गडी
माझ्याच मांडीवर थापा मारत होता, "नाद खुळा, भावा!"
मीही हसलो. हसू येतंच, खोटं का सांगू.
पुढच्या रांगेतली बारकी पोरगी मात्र हसत नव्हती.
"मम्मी, त्यो खरंच वकला काय गं?"
आई पदरात तोंड खुपसून हसत होती,
तिला बोलताच येईना, मागं वळून मलाच म्हणाली,
"तुमीच सांगा की हिला."

"दलिया हाय बाळा," मी म्हटलं.
"गूळ घातलेला."