हयातीचा दाखला

ती निळी चौकट मीच पुसली होती.
एका ओळीत. आउटलाइन: नन.
बटणाभोवती उगाच कुंपण दिसतं, म्हणालो,
आणि बँकेच्या साहेबांनाही तसंच वाटलं.

मग शिसोदे बाई आल्या.
अमळनेरच्या तहसीलमधून निवृत्त टंकलेखिका,
एकतीस वर्षं उतारे, नोटिसा, पंचनामे,
कार्बनच्या चार प्रती, चौथीही वाचता यायची म्हणे.
खताच्या दुकानावरची आमची खोली,
एप्रिलची दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं
आणि बाईंचा उजवा हात टेबलावर
आपल्याशीच काहीतरी टाइप करत असलेला.

पेन्शनरांच्या पानाची चाचणी होती.
वाक्य सोपं: मी हयात आहे.
डावीकडे एक चौकोन, तिळाएवढा.
त्यात खूण केली की वर्षभराची निश्चिंती.

बाईंनी माउस धरला. बाण निघाला,
चौकोनावरून गेला, खालून गेला,
गोफणीच्या धाकानं कणसावर न टेकणारं पाखरू,
आणि टेकला तो भलत्याच बटणावर.
पान म्हणालं: आपण बाहेर पडला आहात.
पुन्हा नाव, पुन्हा ओटीपी,
पुन्हा ते तिळाएवढं हयात असणं.
तिसऱ्या खेपेला पाच मिनिटं भरली.
आपली वेळ संपली आहे,
लाल अक्षरात.
हे वाक्यही माझंच.
लिहिताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बाई, द्या, मी करून देतो.
त्यांनी माउस उष्ट्या ताटासारखा बाजूला सारला,
कळफलक पुढे ओढला.
एक तर्जनी एफवर, एक जेवर,
तिथल्या बारीक उंचवट्यांवर,
आणि हात थांबला असं नाही म्हणणार मी,
त्याला घर सापडलं.

टॅब. टॅब. टॅब.
पडद्यावर काही म्हणता काही हललं नाही.
चष्म्यावरून माझ्याकडे बघत,
तहसीलची मराठी विसरून:
"आते मी कोठे शे?"

मला सांगता येईना.
जी खूण सांगणार होती ती पुसून
मी साहेबांचा चहा प्यायलो होतो.

"मशीनले घंटी होती रे भाऊ.
ओळ सराले उनी का वाजे.
तुन्हा पानले काय शे?"

त्या रात्री माउस खणात टाकला
आणि माझ्याच पानात वाट चुकलो.
नावावरून टॅब केलं तर थेट तळाशी,
जशी धुळ्याहून सुटलेली एसटी
पारोळा, एरंडोल सोडून जळगावात शिरावी
आणि मग आठवण झाल्यासारखी
पारोळ्याला परत यावी.
एक यादी अशी, की बाण वर धरून ठेवला तरच उघडी,
हलला की मिटली. लाजाळूचं झाड.
एका खिडकीत शिरलो ते बाहेरच येता येईना,
एस्केप दाबून दाबून शेवटी वायर ओढली.
सगळं मीच बांधलेलं,
आणि दोन वर्षं मी त्याला देखणं म्हणत होतो.

पंधरा दिवसांनी बाई परत आल्या,
डोक्यावर ओला रुमाल, पिशवीत कैऱ्या.
चौकट आता निळी, जाड, साहेबांना न आवडणारी.
चौकोन बोरासारखा, आणि नुसत्या चौकोनावर नाही,
अख्ख्या वाक्यावर कुठेही टेकलं तरी चालेल असा.
घड्याळ संपण्याआधी विचारतं: अजून वेळ हवा का?
बाई टॅबवर टॅब मारत गेल्या,
चौकट त्यांच्यापुढे चालत राहिली,
नाव, गाव, खातं,
मी हयात आहे.
स्पेसबार. टक.

हसल्या वगैरे नाहीत.
"हयात"मधला "य" थोडा अंधुक आहे म्हणाल्या,
शाई बदल.

मग उठल्या. आमच्या जिन्याला कठडा नाही.
एक हात भिंतीला, दुसरा माझ्या खांद्यावर,
चौदा पायऱ्या, प्रत्येकीवर थांबून.
हे माझ्या ओळींत बसत नाही.
दुकानमालकाला दोनदा सांगून झालंय.